पहिल्या फेकीचा मान

स्कॉटलंडमधल्या टे नदीवर माणूस गारठून मेला तरी चालतं, पण थंडी वाजते असं त्यानं म्हणायचं नसतं. सामन माशाचा हंगाम इथे ऐन जानेवारीत सुरू होतो. जुलैत सुरू केला तर सगळ्यांनाच मजा येईल, आणि मजेवर या लोकांचा पहिल्यापासून विश्वास नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी गळाला पिसांची नकली माशी बांधलेला दोर सगळ्यांच्या आधी पाण्यावर फेकायचा मान यंदा हेक्टर गेडिसला मिळाला होता. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेल्या हेक्टरला मासेमारांच्या मंडळात आजवर कुणी 'बस' म्हणून खुर्चीही पुढे केली नव्हती. म्हणून निरोप आला तेव्हा तो परसात जाऊन एकटाच रडून आला, आणि बायकोला, ऊनाला, त्यानं सांगितलं, वारा फार आहे.

अडचण पायांची होती. मागच्या हिवाळ्यात डाव्या पायाची दोन बोटं पांढरीफटक पडली होती. पुन्हा असं झालं तर ती कापावी लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मंडळाची रीत मात्र अशी, की मानकऱ्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, काठावर भाषणं व्हायची, अध्यक्षांनी नदीला पेलाभर व्हिस्की पाजायची आणि मग फेक. मानकरी बाहेर येईपर्यंत दुसऱ्या कुणी पाण्यात पाऊल घालायचं नाही.

"भाषणं काठावर आणि तू पाण्यात? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?" ऊनानं विचारलं.

"परंपरा आहे, ऊना."

"म्हणजे कुणाच्या ते आता कुणालाच आठवत नाही."

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. खाटिक म्हणाला, पायांना हंसाची चरबी चोळ. शेजारीण म्हणाली, मोज्यात मोहरीची पूड घाल. स्वतः बॅटरीवर तापणारं जाकीट घालून फिरणारा मंडळातला आर्ची लॉरिमर म्हणाला, खऱ्या मर्दाला लोकर पुरते. कुणाचं मन मोडायला नको म्हणून हेक्टरनं सगळंच केलं. चरबी, त्यावर पूड, त्यावर लोकरी मोज्यांचे चार जोड, आणि हे सगळं एका जोडासाठी शिवलेल्या बुटात कोंबलं.

"अरे, रक्त तरी उतरेल का खाली?" ऊना म्हणाली.

"लोकर आहे ही. मेंढ्यांना कधी कुडकुडताना पाहिलंस?"

"मेंढ्या बूट घालत नाहीत."

सकाळी हेक्टर पाण्यात उतरला आणि अध्यक्ष टॉर्क्विल मॅकनॅब बोलायला उभे राहिले. फरची टोपी घातलेल्या माणसाला भाषण आवरतं घ्यायची घाई नसते. ते नदीबद्दल बोलले, पूर्वजांबद्दल बोलले, गाड्या लावायच्या जागेबद्दल तर फारच मनापासून बोलले. बॅगपाइपवाल्याची बोटं इतकी आखडली होती, की त्याला एकच सूर काढता येत होता. लोकांनी तो शोकगीताचा समजून टोप्या काढल्या. गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरू लागला, तो हेक्टर दातांनी फोडत राहिला.

अखेर व्हिस्की नदीत पडली आणि हेक्टरनं फेक केली. लांब, सरळ, सुरेख. टाळ्या झाल्या. इतक्या लोकांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवलेल्या त्यानं प्रथमच ऐकल्या आणि त्याला भरून आलं.

मग तो वळायला गेला. पाय वळेनात. आपण कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते, हेच त्याला कळेना. काय करावं ते न सुचून त्यानं दुसरी फेक केली.

टाळ्या विरळ झाल्या. तिसऱ्या फेकीला त्या झाल्याच नाहीत.

"गेडिस, मान एकाच फेकीचा असतो!" अध्यक्ष ओरडले.

"अरे, नदी नावावर करून घेतलीस काय? आम्ही काय इथे अंडी उबवायला आलोय?" आर्ची म्हणाला.

"हावरट मेला!" मागून कुणीतरी म्हणालं.

हेक्टरला ते लागलं, पण त्यानं हिशेब केला. हावरट तर हावरट. हावरटपणा निदान मासेमाराला शोभतो. गारठणं म्हणजे अगदीच पर्यटकासारखं. त्यानं चौथ्यांदा काठी उचलली.

ऊना मात्र दोर बघत नव्हती, त्याचे गुडघे बघत होती. चार फेकींत ते तसूभरही हलले नव्हते. ती तशीच, चांगल्या बुटांनिशी आणि लोकरी स्कर्टनिशी, पाण्यात शिरली.

"बाई! मानकरी बाहेर येईपर्यंत पाण्यात कुणीही..."

"मग त्यालाच बाहेर आणतेय ना!"

ती त्याच्याजवळ पोचली. "बोल आता."

"मासा लागेलसं वाटतंय."

"हेक्टर."

ती थरथरत होती. स्कर्टचा घोळ पाण्यावर तरंगत होता. हेक्टरनं काठावरच्या सगळ्या टोप्यांकडे एकदा पाहिलं आणि तो कोकलला, "मला थंडी वाजतेय! पाय जाणवत नाहीत मला! थंडीनं मेलोय मी!"

काठावरचे लोक असे बघू लागले, जणू त्यानं चर्चमध्ये शिवी हासडली होती. मग बॅगपाइपवाला म्हणाला, "मी तर केव्हाचाच मेलोय." आणि पाठोपाठ मंडळाचे मर्द एकेक करत मंडळाच्या काठावरच्या झोपडीकडे पळत सुटले. सुदैवानं दोघांनी पळता पळता का होईना, हेक्टरला उचलून आत नेलं.

बूट कापून काढावे लागले. बोटं मेणासारखी पांढरी होती. अध्यक्ष म्हणाले, पाय शेगडीला लावा. ऊना कडाडली, "भाजून खायचेत का?" ती जमिनीवर बसली, स्वेटर वर केला आणि त्याची चरबीनं, मोहरीनं माखलेली दोन्ही पावलं आपल्या उघड्या पोटावर दाबून धरली. तिचा श्वासच अडकला. सगळं मंडळ छताकडे बघू लागलं.

बराच वेळ पावलांत काहीच जाणीव आली नाही. ऊना सारखी त्याच्या तोंडाकडे बघत होती. हेक्टर मान हलवून नाही म्हणत होता, आणि आता तोही घाबरला होता.

मग तो किंचाळला. "दुखतंय! आई गं, सुया टोचतायत!"

"कुठे? डाव्या बोटांत?"

"डाव्याच!"

सकाळपासून एकालाही न सोडणाऱ्या ऊनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं पावलं आणखी घट्ट धरली.

"ओरड," ती म्हणाली. "आणखी मोठ्यानं ओरड."