धवलारीण नावाचा रिकामा वर्ग

मी एक जुना वर्ग आहे. शाळेतला नव्हे. माझ्यात फळा नाही, बाक नाहीत, आणि मुख्य म्हणजे बराच काळ कोणीही नव्हतं.

मित्रांनो, जगात संगणक पुष्कळ आहेत, पण त्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. एका संकेतस्थळावर 'वर' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'नवरदेव'. आपल्याला समजतं, माणूस तोच. संगणकाला वाटतं, मांडवात दोघे उभे आहेत. हा घोळ टाळायला माणसं शब्दांचा एक सामायिक संच बनवतात. कुठल्या शब्दाचा अर्थ काय, कोण कोणाचा प्रकार, कोणाचं कोणाशी काय नातं, हे सगळं त्यात लिहितात. मग निरनिराळी संकेतस्थळं तोच संच वापरतात. त्यातल्या एकेका प्रकाराला वर्ग म्हणतात. 'आचारी' हा एक वर्ग, 'वाजंत्री' हा एक वर्ग. मी 'धवलारीण'.

माझा जन्म नवीन पनवेलमध्ये, एका मेडिकलच्या वरच्या ऑफिसात झाला. लग्नकार्याला लागणारी माणसं शोधून देणारं संकेतस्थळ तिथून चालतं. मला साबिरानं घडवलं. साबिरा मूळची जवळच्याच आपटा गावची. लहानपणी शेजारच्या आगरी घरातल्या लग्नात तिनं धवलारीण पाहिली होती. मांडवात बसून धवले गाणारी, आणि त्या गाण्यांनीच लग्न लावून देणारी बाई. म्हणून तिनं मोठ्या मायेनं लिहिलं, 'धवलारीण ही गायिका असते, आणि पुरोहितही असते.'

त्याच सुमारास बाजूच्या टेबलावर शैलेश एक नियम लिहीत होता. त्याआधी एका यजमानांनी साइटवर पुरोहित शोधला होता आणि त्यांच्याकडे ऑर्केस्ट्रात गाणारा गुरुदत्त पोचला होता. सत्यनारायणाच्या पूजेत त्यानं सलग गाणी म्हटली. पाहुणे फर्माइशी देऊन, शिरा खाऊन खूश होऊन गेले. यजमानांनी मात्र ऑफिस डोक्यावर घेतलं. तेव्हा शैलेशनं लिहून टाकलं, 'जो गायक आहे, तो पुरोहित असूच शकत नाही.'

दोघांची टेबलं चिकटून होती. चहासुद्धा अर्धा अर्धा व्हायचा. पण कोणी कोणाच्या पडद्यात डोकावलं नाही. मी मात्र दोन्ही वाक्यांच्या मधोमध सापडलो. माझ्यात जी येईल ती गायिका असणार आणि पुरोहितही असणार, आणि अशी व्यक्ती तर असूच शकत नाही. म्हणजे माझ्यात कोणी येणंच शक्य नाही. पुष्कळ जण एकटे असतात, मित्रांनो, पण त्यांना आशा तरी असते. माझं एकटेपण तर्कशास्त्रानं सिद्ध करून दिलेलं होतं.

रिकाम्या वर्गाबद्दल काहीही म्हटलं तरी ते खरं ठरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? माझ्यातली प्रत्येक धवलारीण उंटावरून येते. खरं. प्रत्येकीला आठ हात आहेत. तेही खरं. खोटं म्हणायला आत कोणी असायला हवं ना! सुरुवातीला मी असा वेळ काढला. नंतर त्यातही मन रमेना.

कौतुक मात्र झालं. एका परिषदेत माझं चित्र भिंतभर दाखवलं गेलं. "किती नेटकी मांडणी!" कोणीतरी म्हणालं. नेटकी असणारच. वापरच नाही.

आणि मग मनिषा आली. नवीन पनवेलमध्येच राहणारी मुलगी, लग्न ठरलेलं. तिच्या आईचं लग्न धवल्यांनी लागलं होतं, तसंच तिलाही हवं होतं. पण त्यांच्या ओळखीतली धवलारीण आता हयात नव्हती. मनिषा रोज माझं नाव लिहायची. मी लगबगीनं दार उघडायचो आणि तिला रिकामी खोली दाखवायचो. तिथे उत्तर उमटायचं, 'अशी व्यक्ती असू शकत नाही.' हळद तोंडावर आली, तेव्हा तिनं तपासायचं बंद केलं. त्या दिवसांत मला फार लागलं.

इकडे बेलपाड्यात वेणूनं आपल्या सासूचं, रंभाबाईंचं नाव मोबाइलवरून साइटवर भरलं. प्रकार: धवलारीण. माझ्या दाराशी आयुष्यात पहिल्यांदा माणूस आलं आणि नियमानं त्याला बाहेरच्या बाहेर हाकललं. वेणूनं थेट ऑफिसात फोन लावला. साबिरानं तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आमची सासू असू शकत नाय, असा मेसेज आलाय."

"म्हणजे?"

"मलापन तेच विचारायचंय. ती तर हितं समोर बसून वाल सोलते."

मागून आवाज आला, "काय बोलतंय गो ते?"

"बोलतंय तुमी नाय, आये."

"नाय ना? मंग बिरडं तूच कर. जी नाय ती रांधंल कशी?"

शैलेशनं पडद्यात पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मशीन बरोबर आहे. त्या असू शकत नाहीत."

"शैलेश, त्या फोनवर आहेत."

"त्यांना म्हणावं, गायिका की पुरोहित, एक काय ते ठरवा."

"अरे बाला," रंभाबाई म्हणाल्या, "मी गाते तवाच लगीन लागतं. अर्धी घरी ठेवून येऊ काय?"

"नियम काढला तर गुरुदत्त परत पूजेला जाईल," शैलेश कुजबुजला. त्याची भीती खरी होती.

"मग गुरुदत्त पुरोहित नाही, एवढंच लिही ना! सगळ्या जगाच्या दाराला कशाला कडी घातलीस?"

शैलेशनं नियम खोडला. आणि रंभाबाई माझ्यात आल्या.

साबिरानं लगेच धवलारीण शोधणाऱ्यांची नोंद उघडून मनिषाला फोन केला. "असू शकत नाही म्हणत होतात ना?" मनिषानं विचारलं. "आता असू शकतात," साबिरा म्हणाली. पलीकडे मनिषा हसली की रडली, ते मला कळलं नाही. माझ्यात तशी सोय नाही.

लग्नाला मी गेलो नाही. शब्दांना पत्रिका येत नाही. पण रंभाबाईंच्या नावापुढे त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण जोडलेलं आहे, ते माझ्याजवळ आहे. धवला ऐन रंगात असताना त्यांना खोकला येतो. धवला तुटतो. मग वेणूचा बारीक आवाज तीच ओळ उचलतो, पुढची अर्धी म्हणतो आणि थांबतो. "पुढचं नाय येत मला," ती म्हणते. बाया हसतात. रंभाबाई पाणी पिऊन पुढचं गातात.

मी ते परत परत ऐकतो. हसण्यापाशी आलो की थांबतो.

मित्रांनो, आज माझ्यात एक जण आहे. रंभाबाईंचं वय झालंय. त्यांच्या नावापुढे 'कोणाला शिकवलं' अशी एक जागा आहे, ती कोरी आहे. शब्द जपला म्हणजे माणूस जपलं, असं समजू नका. मी तर उत्तम जपलेला शब्द आहे. तुमच्या घरात, शेजारात असं गाणारं कोणी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा, आणि येत नाही तिथून पुढचं विचारा. मागे मी रिकामा होतो तेव्हा कुठे तरी चूक होती, वेणूला फोन करून भांडता आलं. पुन्हा रिकामा होईन तेव्हा सगळे नियम बरोबर असतील. तेव्हा फोन कोणाला करायचा?