तळ्याजवळ कोण उभं राहणार

आमची शाळा आणि सार्वजनिक बाग यांच्यामध्ये एकच भिंत आहे. दुसरीच्या वर्गाच्या खिडकीतून पलीकडच्या झाडांचे नुसते शेंडे दिसतात. चित्रकलेच्या तासाला झाड काढायला सांगितलं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं बुंधा काढतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, "बाई, खालचं आम्ही कुठे बघितलंय?" आता यावर रागवायचं तरी कुणावर?

मी रागवायचे ते बागेच्या साहेबांवर. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची मुलं बागेत आली होती, त्यातला एक मुलगा कमळाच्या तळ्यात पडला. साहेबांनीच बुटांसकट पाण्यात उतरून त्याला बाहेर काढलं. संध्याकाळी पोरगं घरी जाऊन जेवलंसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली, शाळांना प्रवेश बंद. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला मान्य आहे. साहेबांनी ताक पिणंच सोडून दिलं होतं.

माझी थोरली नणंद त्याच बागेत नोकरीला आहे. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. काचघरातली रोपं त्यांच्याकडे, आणि बंदीच्या आधी शाळांच्या भेटीही त्यांच्याकडेच असायच्या. बंदी आल्यापासून त्या रोपांना पाणी घालतात, पाट्या पुसतात आणि घरी येऊन गप्प बसतात. आधी बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्यांची ती बडबड मला नकोशी व्हायची, पण हे गप्प बसणं त्याहून नकोसं झालं.

तेव्हा मीच एका रात्री जेवताना विषय काढला. "ताई, आपण असा बेत करू या की साहेबांना नाही म्हणायला जागाच राहणार नाही."

"साहेबांना नाही म्हणायला जागा लागत नाही," ताई म्हणाल्या. पण उठून बागेचा नकाशा घेऊन आल्या.

पुढचे कित्येक दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि बागच जास्त होती. ताईंचा स्वभाव असा, की घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघणार, चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढणार. आमचे हे म्हणतात, ते कुलूप चोराने नाही, ताईनेच मोडायचं आहे. असा माणूस एकदा सुरक्षेच्या मागे लागला की विचारायलाच नको. कण्हेरीचं पान तोंडात जाऊ नये म्हणून तिच्या अलीकडे दोरी बांधायची. मधमाश्यांनी नवीन पोळं केलंय का ते आदल्या दिवशी बघायचं. बांबूच्या बेटाजवळची फरशी शेवाळाने निसरडी होते, ती घासून घ्यायची. तळ्याभोवती मुलांच्या छातीइतक्या उंचीवर दोर लावायचा. आणि या सगळ्याच्या वर जोडीचा नियम.

या नियमावर ताईंचा फार जीव. मुलांनी दोघादोघांनी हात धरून चालायचं, आणि आपला जोडीदार दिसेनासा झाला की जागेवर उभं राहून मोठ्याने ओरडायचं. "बाईंचं लक्ष सगळ्यांवर कसं राहणार?" ताई म्हणायच्या. "पण प्रत्येक मुलाचं लक्ष एका मुलावर राहू शकतं की नाही?"

मला हे इतकं पटलं की मी ते दुसऱ्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझंच म्हणून सांगून टाकलं.

साहेबांनी आमचा बेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा होता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कागदावरची मुलं फार गुणी असतात हो."

माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं. "साहेब, भिंतीआड ठेवली की मुलं सुरक्षित राहतात, खरंय. मग शाळेतही कशाला आणायची? कपाटात ठेवू."

ताईंनी माझा दंड धरला. मग मला स्वप्नातही आलं नसतं असं त्या बोलल्या. "साहेब, मुलांना राहू दे. आधी मोठ्यांना नेऊन बघू. शाळेतले शिक्षक मुलं होतील, तुम्हीही व्हा. नियम तेच. फट सापडली तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. सगळ्या वर्गाची बाग ताईंनी एका सकाळीसाठी पणाला लावली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे फाटकापाशी जमलो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आल्या होत्या. पीटीचे सर शिट्टी घेऊन आले होते, ती ताईंनी काढून घेतली. मुलांकडे शिट्टी नसते, म्हणाल्या. जोड्या लावा म्हटल्यावर जो तो आपापलं माणूस धरून मोकळा झाला. राहिले कोण, तर साहेब आणि मोठ्या बाई. मोठ्या बाईंचा हात धरायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती, आणि साहेबांचा धरायची कुणाला इच्छा नव्हती. मोठ्या बाईंनी शांतपणे हात पुढे केला. "द्या. नियम आहे." साहेबांनी इकडेतिकडे बघत हात दिला.

मोठी माणसं मुलांपेक्षा वाईट वागतात हे मला त्या दिवशी कळलं. गाणं शिकवणारे सर दोरीखालून वाकून कण्हेरीचं फूल तोडायला गेले. विज्ञानाच्या बाई प्रत्येक पाटीपाशी चुका काढत उभ्या राहिल्या. माझी जोडीदार मागच्या महिन्यात झालेलं कुणाचं तरी लग्न सांगत होती, ते कण्हेरीपासून बांबूपर्यंत संपलं नाही. ताई मात्र पुढे मागे करत सगळं बघत होत्या.

बांबूच्या बेटापाशी पीटीचे सर नाहीसे झाले. ताईंनीच त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या जोडीदार चित्रकलेच्या बाई, त्यांना अर्थातच काही माहीत नव्हतं. त्यांनी मागे वळून बघितलं आणि अशी काही हाक मारली की झाडावरचे पक्षी उडाले. सगळी रांग जागच्या जागी थांबली. सर हसत हसत बांबूमागून बाहेर आले. ताईंचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. लहान मुलीसारख्या दिसत होत्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

तळ्याच्या दोराच्या कडेने जाऊन, काचघराला वळसा घालून आम्ही परत फाटकाशी आलो. ताईंनी विचारलं, "आपापला जोडीदार बघा. आहे का?"

"आहेऽऽ!" आम्ही सगळ्यांनी दुसरीच्या मुलांसारखा सूर लावला.

"कुणाचा हरवलाय?"

"नाहीऽऽ!"

ताई वळल्या, साहेबांना काय वाटलं ते विचारायला. साहेब नव्हते. मोठ्या बाईही नव्हत्या.

मला सगळं एकदम कळलं. जोडीतला एक हरवला तर दुसरा ओरडेल. दोघं मिळून हरवले तर कोण ओरडणार? एवढे दिवस आम्ही टेबलावर डोकी घालून बसलो होतो आणि ही गोष्ट दोघींच्याही डोक्यात आली नव्हती. आणि फट सापडली ती कुणामुळे, तर ज्यांना दाखवायची नव्हती त्यांच्याचमुळे. ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या पळतच तळ्याकडे निघाल्या. तळ्याकडेच का, ते त्यांना विचारावं लागलं नाही. आम्ही मागे.

दोघं तळ्याशी उभे होते. दोराच्या अलीकडे, हातात हात तसेच. आम्ही आलो तरी साहेबांनी मान वळवली नाही. ते मोठ्या बाईंना सांगत होते.

"लोकांना वाटतं, बुडणारा माणूस ओरडतो. नाही ओरडत हो. काही आवाज झाला नाही. मी तिकडे उभा राहून माळ्याशी बोलत होतो, झाडांची आळी नीट कर म्हणून. सहज मान वळवली. सहज. डास चावला असता आणि दुसरीकडे वळवली असती तर?"

साहेबांनी काठाकडे बोट केलं.

"त्याचा मित्र इथे काठावर उभा होता," साहेब म्हणाले. "अगदी इथे. हातभर अंतरावर. मुका होऊन बघत होता. त्याला वाटलं, हा खेळतोय. आणि या म्हणतात, मित्र ओरडेल." त्यांनी आता ताईंकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

"मी इथून पुढे जाऊच शकलो नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं मी या वाटेने आलो नव्हतो. पाय थांबले. या थांबल्या माझ्याबरोबर."

"मग काय करणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "हात धरला होता ना."

ताईंनी हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "तुमचं बरोबर आहे साहेब. मी शब्द दिला होता. पुन्हा विषय काढणार नाही."

मला ओरडावंसं वाटलं, की ताई, असं कसं? पण ओरडून सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. दोन वर्षं मी या माणसाला भित्रा म्हटलं होतं. घरी, शाळेत, अगदी मुलांसमोरसुद्धा आडून. तो भीत होता हे खरंच होतं. फक्त तो कशाला भीत होता ते मी एकदाही विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वर्गातल्या पोरांचंही तेवढंच वाईट वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मोठ्या बाईंनी अजून साहेबांचा हात सोडला नव्हता. त्या म्हणाल्या, "तो मुलगा कशाने वाचला, साहेब?"

"नशिबाने."

"तुम्ही बघितलंत म्हणून वाचला. सहज का होईना, बघितलंत. मग ते सहज कशाला ठेवायचं? कुणाला तरी तेवढंच काम द्या. शिकवायचं नाही, पाट्या वाचायच्या नाहीत, कुणाशी बोलायचं नाही. पाण्याकडे बघत राहायचं. आणि मुलं मोजायची ती मोठ्यांनी, वळणावळणाला. ते काम पोरांच्या गळ्यात टाकून आपण मोकळं व्हायचं नाही. ताई, तुमच्या बाकीच्या बेतात मला खोट दिसत नाही."

साहेबांनी तळ्याचा दोर ओढून बघितला. मग म्हणाले, "कोण बघणार?"

"मी उभी राहते," मी म्हटलं.

"तुम्ही नको." त्यांनी लगेच सांगितलं. "तुमची मुलं आहेत ती. 'बाई, हे बघा' म्हणतील आणि तुम्ही बघाल."

हे इतकं खरं होतं की मला रागसुद्धा आला नाही.

"मी थांबतो," पीटीचे सर म्हणाले.

"तुमचा फोन सकाळपासून किती वेळा वाजला?"

सरांनी फोन खिशात ढकलला. साहेबांनी पाण्याकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे.

"मला मुलांशी बोलता येत नाही," ते म्हणाले. "मी थांबेन."

माझा वर्ग बागेत गेला तो त्यानंतर काही दिवसांनी. फरशी घासलेली होती, कण्हेर दोरीआड होती, प्रत्येक वळणावर मी आणि ताई दोघीही मोजत होतो, आणि तरी ताई परत मोजत होत्या. साहेब तळ्याच्या काठावर उभे होते. नेहमीचे बूट नव्हते, कापडी होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मुलं दोघादोघांनी दोराच्या कडेने जाऊ लागली. सगळ्यांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. एका मुलीने माझा पदर ओढला.

"बाई, हे आजोबा चिडलेत का?"

"नाही गं. ते बघतायत."

"काय बघतायत?"

"तुम्हाला सगळ्यांना."

तिने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, जोडीदाराचा हात जरा घट्ट धरून पुढे गेली.

शेवटची जोडी काचघराकडे वळली. मी मोजलं, ताईंनी मोजलं, सगळी होती. पीटीचे सर मुलांना घेऊन पुढे गेले, मोठ्या बाई मागे आल्या. "चला साहेब, झालं."

"थांबा," साहेब म्हणाले. "पाणी हललं."

आम्ही तिघीही बघायला लागलो. कमळाच्या पानाखाली काहीतरी सरकलं. "मासा आहे," ताई म्हणाल्या. साहेब हलले नाहीत. पाणी पुरतं स्थिर होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग काठावर बसले. ताईंनी पाण्याची बाटली उघडून दिली, तर ती त्यांना नीट धरता येईना. मोठ्या बाईंनी खालून धरली.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुढची शाळा कधी?"

ताईंचे डोळे भरून आले होते. मीच म्हटलं, "तुम्ही म्हणाल तेव्हा, साहेब."

"माझ्यावर सोपवू नका," ते म्हणाले. "मी म्हणायला बसलो तर कधीच येणार नाही. तुम्ही ठरवा. मी इथे असेन."