अस्वलाच्या पोटातला कांगारू

रमिलाबाईचं पोरगं एवढं लहान होतं, की त्याला बघायला आलेला माणूस आपोआप हळू बोलायचा. आपल्या फुंकरीनं उडून जाईल की काय, अशी भीती. बोराएवढी मूठ, आणि त्या मुठीला पाचच्या पाच नखं, सगळी तयार! देवानं घाईत पाठवलं खरं, पण नखं विसरला नाही.

कोलवीपाड्याच्या सरकारी दवाखान्यात ते वॉर्मरखाली, ऊब देणाऱ्या मशीनखाली, झोपलेलं असायचं. आईला बाळंतपणात फिट आली होती, ती पलीकडच्या खोलीत तापानं फणफणलेली, सलाईनवर. आणि बाप बाज्या बाहेर लिंबाखाली, दवाखान्याकडे पाठ करून.

गायत्री सिस्टर रोज त्याच्या मागं लागायच्या. "बाज्यादादा, शर्ट काढ आणि पोराला उघड्या छातीला लावून बस. आईला जमत नाही तर बापानं करायचं. कांगारू म्हणतात याला. त्या मशीनपेक्षा तुझी ऊब भारी."

"नको बाई. या हातात कुऱ्हाड शोभते. ते मोडी जाईल."

अशात वरून फोन आला. मुलांच्या वॉर्डात सगळं नीट, सुरक्षित आहे का, ते बघायला डॉक्टर रक्षा मॅडम येणार. "आणि वॉर्डात कांगारू दिसलं पाहिजे!" असं म्हणून फोन बंद.

फोन घेतला होता हिंमतरावांनी. हिंमतराव दवाखान्याचे क्लार्क. सरकारी कामात प्रश्न विचारला की ते काम आपल्याच गळ्यात पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी काही विचारलं नाही. भिंती रंगवल्या, कुंड्या रंगवल्या, मागचा जनरेटर पिवळाधमक करून टाकला. आणि शहाद्याच्या डेकोरेटरला फोन लावला.

"कांगारू शे का तुन्हाकडे?"

"कांगारू नही भाऊ. अस्वल शे. वाढदिवसाले जास."

"चाली ना! पोटले फक्त पिशवी शिवी दे."

अस्वल आलं. काळं, केसाळ, पोटाला गोणपाटाची पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकची बाहुली. आता आत शिरणार कोण? उन्हानं पत्रे तडतडत होते. शिपाई जेवायला गेला तो गेलाच. हिंमतरावांची नजर लिंबाखाली गेली.

"भाऊ, तू रिकामाच बठेल शे ना? कांगारू व्हशी का?"

बाज्या चमकला. "सिस्टर म्हणे, ते कांगारू?"

"तेच ना!"

"पोराला त्यानं फायदा होईल?"

"मंग! पूरा दवाखानाले फायदा!"

बाज्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढंच होतं तर! पोराला हातही लावायचा नाही, नुसता अंगात कोट चढवायचा. शहरातल्या लोकांचं औषधच वेगळं. तो आनंदानं अस्वलात शिरला.

मॅडम आल्या. दारात अस्वल बघून दोन पावलं मागं सरकल्या. हिंमतरावांनी माईक हातात घेतला. माईकची, कूलरची, तोरणाच्या दिव्यांची वायर त्यांनी वॉर्डाच्याच बोर्डात खोचलेली. "बालसुरक्षेच्या या मंगल प्रसंगी..."

फट्!

माईक गेला. पंखा गेला. वॉर्मरही गेला.

"जनरेटर चालू करा!" मॅडम ओरडल्या. जनरेटर झकास दिसत होता, पण टाकीचं झाकण रंगानं पक्कं बसलेलं. हिंमतराव हातोडी घेऊन तिकडं धावले.

आत कूलरनं वॉर्ड गारठलेला. बाकीच्या आयांनी आपापली पोरं चटकन पदराखाली छातीशी घेतली. रमिलाबाईचं राहिलं. गायत्रीनं त्याचे तळपाय धरले. गार. पोटाला हात लावला. तेही गार व्हायला लागलेलं. रडतही नव्हतं ते, हेच वाईट.

"याचा बाप कुठंय? बाज्या! अरे, बाज्याला कोणी पाहिलं का?"

मॅडम व्हरांड्यात धावल्या. "बाज्या कोण?"

अस्वलानं हात वर केला. "मी आठेच शे."

हसायला वेळ कुणाला होता? मुंडकं उपटलं, खालून घामानं निथळता बाज्या निघाला. पाठीची चेन अडकली. गायत्रीनं पट्टी कापायच्या कात्रीनं अस्वल गळ्यापासून पोटापर्यंत उभं फाडलं.

"ओ सिस्टर, भाडानं शे ते!" हिंमतराव खिडकीतून कळवळले.

बाज्याचे हात साबणानं धुतले. छाती ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मॅडमनी स्वतः पुसली. कोटात उकडून निघालेला तो माणूस चुलीसारखा तापला होता. सगळ्या दवाखान्यात त्याच्याइतकी ऊब कुणाच्याच अंगात नव्हती.

"मोडी जाईल बाई..."

"नाही मोडत. बस."

टोपडं घातलेलं ते एवढंसं पोरगं त्याच्या छातीवर बेडकासारखं पसरलं, वरून चादर आली. बाज्याचा श्वासच अडकला.

"श्वास घे दादा. तुझा ऐकून तो घेईल."

बाज्यानं श्वास घेतला. छाती वर आली, तिच्याबरोबर पोरगंही वर आलं. छाती खाली गेली, पोरगंही गेलं. कमरेखाली अस्वल, कमरेवर बाप. पण कुणी हसलं नाही. रक्षा मॅडम गुडघ्यावर बसल्या होत्या, हातातलं फडकं तसंच. बाहेरची हातोडीसुद्धा थांबली. खिडकीतले हिंमतराव तोंड उघडं टाकून बघत राहिले.

गायत्री पुन्हा पुन्हा चादरीत हात घालून तळपाय चाचपायची आणि मान हलवायची. गार. अजून गार. मग एकदा तिनं हात आतच ठेवला. डोळे मिटले.

"आली," ती म्हणाली. "ऊब आली पायात."

तेवढ्यात कुणीतरी उडालेला फ्यूज बदलला आणि दिवे लागले. वॉर्मर टुकटुकला. हिंमतरावांनी खिडकीतूनच हळूच विचारलं, "मॅडम... कांगारू पास?"

"गप्प बसा हो," मॅडम कुजबुजल्या. "झोपलंय ते."

गायत्रीनं हात पुढं केले. "दे दादा, ठेवते मशीनखाली."

बाज्यानं चादर आणखी वर ओढली.

"नको. माझ्या छातीचा केस धरलाय त्यानं," तो म्हणाला. "ओढतोय बाई. ताकद शे."