जाळीवरचं कापड

चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या माणसाला फट बघवत नाही. बाइंडर निवृत्त झाले, बांधायला पुस्तकं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरच बांधायला घेतलं. कापडाच्या पट्ट्या, खळ, आणि खिडकीची एकेक फट. शेवटी राहिली गॅस हीटरच्या वरची जाळी. थंडीत तिच्यातून वारा शिट्टी मारायचा. तिच्यावरही त्यांनी भिंतीच्या रंगाचं कापड असं बेमालूम चिकटवलं, की शिट्टी बंद आणि जाळीही गायब.

त्याच हिवाळ्यात बायकोचं डोकं दुखायला लागलं.

"अहो, कोंदल्यासारखं होतंय. एखादी खिडकी उघडा की."

"उघडायचीच होती तर तीन आठवडे मी काय झक मारली?"

पुढच्या हिवाळ्यात मळमळ सुरू झाली. "तुझं नेहमीचंच," बाइंडरांनी निदान केलं. त्यांचंही डोकं दुखे, पण ते त्यांनी चष्म्याच्या नंबरावर ढकललं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात ती आठ दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली, त्याला दोन महिने झाले. फोनवर म्हणाली, "इथं डोकं दुखत नाही हो."

"तिला माझीच ॲलर्जी आहे," बाइंडर येईल त्याला सांगत. लोक हसत. लोक गेले की विनोद तितकासा जमत नसे.

मग एका सकाळी हीटरची निळी ज्योत पिवळी दिसली. दुरुस्तीवाला आला. त्यानं खिशातून छोटं मशीन काढलं, तसं ते किंचाळायलाच लागलं. त्यानं हीटर बंद केला, दार सताड उघडलं आणि बाइंडरांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"विषारी वायू आहे, काका. वास येत नाही, म्हणून कळत नाही. बाहेरची हवा येण्याची जाळी कुठाय?"

घरातला वायू निघून गेल्यावर बाइंडरांनी भिंतीवर बोट ठेवलं. दुरुस्तीवाल्यानं दोनदा हात फिरवला.

"काम मात्र झकास केलंय हो!"

असल्या शाबासकीवर बाइंडरांनी उभा जन्म काढला होता. आज पहिल्यांदाच ती घशाखाली उतरेना.

"घरात आणखी कोण?"

"बायको. डोकं दुखतं म्हणायची."

"कधीपासून?"

"तिसरा हिवाळा."

हीटर पेटवायचा नाही, बदलायचा, एवढं बजावून दुरुस्तीवाला गेला.

दुपारभर बाइंडर नखांनी कापड सोलत बसले. खळ उत्तम होती, सुटता सुटेना. जाळी मोकळी झाली, तेव्हा अंगात कोट चढवून त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग फोन जाळीपाशी धरला. वारा शिट्टी मारत होता.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"आता तू दुखतंय म्हणालीस, तर दुखतंय असंच मानीन."

"त्यासाठी मशीन लागलं तुम्हाला," ती म्हणाली.

परत कधी येणार, हे विचारायचं त्यांनी योजून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "तिकडे थंडी आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "खिडकी उघडी असते."