सकुबाईचं स्टूल

सकुबाईनं मागितलं होतं एक स्टूल. साधं, बसायला. मुरबाडच्या त्या बिस्किटांच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून राहून तिचे गुडघे पार कामातून गेले होते. आणि गुडघे धरून घरी बसावं, तर तिची जागा घ्यायला दुसरी बाई गेटवर तयार! स्टूल मिळालं तरच नोकरी टिकणार होती.

कंपनीनं काय दिलं? व्यायाम!

"सकुमावशी, ठाण्यावरनं मॅडम येतायत स्ट्रेचिंग शिकवायला," सुपरवायझर शेखर म्हणाला. तिच्याच गावचा पोरगा. "तुज्याच गुडघ्यांसाठी!"

"आणि स्टूल रे मेल्या?"

"बसला का हात चालत नाय, साहेब बोलतात."

हे बोलणारे साहेब दिवसभर फिरत्या खुर्चीत. त्यांचे हात कुठं चालतात, देव जाणे!

सोमवारी शिफ्टच्या आधी सगळ्या बायकांना गोडाऊनसमोर उभं केलं. त्यांच्या मागं मांडव, मांडवात पाहुण्यांसाठी पांढरी खोळ घातलेल्या खुर्च्या. साहेब फोटोवाल्याला घेऊन पुढं उभे. मॅडम म्हणाल्या, "कंबरेतून वाका. बोटं जमिनीला!"

वाकायला सांगितलं कुणाला, तर जन्मभर भाताची आवणी केलेल्या बायकांना! साऱ्या एका दमात वाकल्या आणि सवयीनं मागं सरकू लागल्या. रोप लावताना बाई मागंच जाते, पुढं गेली तर लावलेलंच तुडवील. कुणीतरी गाणंही धरलं. मॅडम ओरडतायत, "जागेवर! जागेवर!" पण ऐकतंय कोण? रांग मागं मागं जात थेट मांडवात घुसली. सकुबाईच्या पोटऱ्यांना खुर्ची लागली आणि ती धपकन बसली. बाकीच्याही बसल्या.

आई गं, काय ते सुख! सकुबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मॅडम, हाच व्यायाम रोज द्या गो!"

बायका खदखदून हसल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. साहेबांनी तर चक्क टाळ्या वाजवल्या. सकुबाईला वाटलं, चला, कळलं एकदाचं ह्यांना.

आठवड्यानं पॅकिंगच्या भिंतीवर भलामोठा बोर्ड लागला, बरोबर तिच्या समोर. त्यात खुर्चीत ऐसपैस बसून हसणारी सकुबाई, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आम्ही कामगारांची काळजी घेतो.' स्टूल काही आलं नाही. मांडवातल्या खुर्च्याही केव्हाच परत गेल्या होत्या.

दुपारपर्यंत ती उभ्यानंच पुडे भरत राहिली. मग गुडघ्यात कळ आली तशी तिनं शेखरला हाक मारली आणि बोर्डाकडं बोट दाखवलं.

"तिला जरा उठव रे. कवाची बसलीय. आता माजी पाळी."