मधला गुलाब

सुनेत्रानं चोरी केली, असं कुणी म्हटलं असतं तर ती कडाकडा भांडली असती. तिनं फक्त एक गोष्ट सांगायची राहू दिली. एकदा राहू दिली तर विसरली म्हणता येतं. तीनदा राहू दिल्यावर काय म्हणायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नवऱ्याच्या बँकेनं त्यांना जपानात, निशी-कसाईला आणून ठेवल्याला चार वर्षं झाली होती. घरात बसून जीव कंटाळायचा, म्हणून दर बुधवारी ती ओजिमाला मोरिता-सेन्सेईंकडे आयरिश लेस शिकायला जायची. सेन्सेई, म्हणजे बाई, ब्याऐंशीच्या. शाळेत असताना एका आयरिश ननकडून त्या ही कला शिकल्या होत्या. क्रोशाच्या बारीक सुईनं एकेक गुलाब सुटा विणायचा, पानं विणायची आणि शेवटी सगळं जाळीनं जोडायचं.

"तिकडे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा बायकांनी या सुईवर घरं जगवली," सेन्सेई सांगायच्या. "कुणी जन्मभर गुलाबच विणले, कुणी पानंच. लेस गेली श्रीमंतांच्या नवरीमुलींच्या डोक्यावर. विणणारीचं नाव कुण्णी विचारलं नाही." हे सांगताना त्यांना दर वेळी नव्यानं राग यायचा.

त्यांच्या नातीचं, नोझोमीचं लग्न ठरलं आणि डोक्यावरून सोडायची पांढरी ओढणी क्लासमधल्या बायकांनी विणायची, असं ठरलं. सुनेत्राच्या वाट्याला बारा गुलाब आले. तिला हौस दांडगी, पण हात सैल. तिसऱ्याच गुलाबाला मनगट धरलं. मग ते रडगाणं घेऊन ती फुनाबोरीला मैत्रिणीकडे, शैलजाकडे गेली.

शैलजाचा नवरा पोस्टडॉक. ती स्वतः कोंबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवर तासांच्या हिशेबानं काम करायची आणि बुधवारी तिला हमखास ड्युटी असायची. "बघू, दे इकडे," ती म्हणाली. दोन संध्याकाळींत शिकली. तिच्या गुलाबांच्या पाकळ्या अशा तरतरीत उभ्या राहिल्या की शेजारी ठेवलेले सुनेत्राचे तीन अगदी मलूल दिसायला लागले. उरलेले नऊ शैलजानंच विणले.

सेन्सेईंनी ते नऊ बोटांनी चाचपून पाहिले. "सुनेत्रा-सान, हात बसला तुमचा!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेत्रा सांगणारच होती. पण चार वर्षांत या देशात तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तेवढ्यात सेन्सेई म्हणाल्या, "मधला मोठा गुलाब, कपाळावर येणारा, तोही तुम्हीच करा."

"आपल्याला मधला मिळालाय गं!" तिनं शैलजाला सांगितलं. आपल्याला! शैलजा हरखून गेली. तिनं तो गुलाब चार वेळा उसवला, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीतही विणला. पाचव्यांदा मनासारखा झाला, तेव्हा तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बघत बसली.

ओढणी तयार झाल्यावर सेन्सेईंनी सगळ्यांना घरी बोलावलं. शैलजाला ओढणी बघायचीच होती. तिनं रजा टाकली, ठेवणीतला ड्रेस घातला. "ही माझी मैत्रीण," सुनेत्रानं ओळख करून दिली, "हिला लेस बघायची फार आवड आहे." शैलजानं वळून तिच्याकडे पाहिलं.

सेन्सेईंनी ओढणी तातामीच्या चटईवर अंथरली. "डोक्यावर घेण्याआधी नोझोमी प्रत्येक फुलाला हात लावून विचारेल. जिनं विणलं, तिनं सांगायचं. निदान या घरात तरी नाव विचारलं जाईल."

एकेक गुलाब, एकेक नाव, एकेक नमस्कार. मग सुनेत्राची पाळी आली. नोझोमीचं बोट मधल्या गुलाबावर थांबलं. "हा कुणाचा?"

शैलजा शेजारीच बसली होती. ती सुनेत्राकडे बघत होती आणि अजूनही तिच्या चेहऱ्यावर आशा होती. दोन शब्दांचं काम होतं. तेवढं जपानी सुनेत्राला येत होतं.

"माझा," ती म्हणाली.

नोझोमीनं कपाळ तातामीला टेकवून नमस्कार केला. सेन्सेईंनी डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शैलजानंसुद्धा.

परतताना फुनाबोरीला गाडीतून उतरून त्या सुनेत्राच्या बससाठी स्टॉपवर उभ्या राहिल्या. न राहवून सुनेत्राच म्हणाली, "शैलजा, मी बुधवारी सेन्सेईंना सगळं सांगते. शपथ."

"नको. परवा लग्न आहे, बुधवारपर्यंत ती पोरगी नवऱ्याबरोबर कॅनडात पोचेल. आणि सेन्सेईंना या वयात हे कशाला ऐकवायचं?" शैलजाच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सुनेत्राला बरं वाटलं असतं. "मला फक्त एक सांग. खरं सांग हं."

"काय?"

"ती वाकली ना तुझ्यासमोर, तेव्हा कसं वाटलं गं?"

सुनेत्राच्या तोंडावर आलं होतं, 'मेल्याहून मेल्यासारखं.' पण आणखी एक खोटं बोलायची आता तिला लाज वाटली.

"छान वाटलं," ती म्हणाली. "खूप छान वाटलं गं."

"वाटणारच," शैलजा म्हणाली आणि दुसऱ्याची मिठाई बघणाऱ्या लहान मुलासारखी हसली. "मला वाटलंच होतं, छान वाटत असणार."