साडूचं तेल आणि सासऱ्यांची मशीन

हे कोणाला खरं वाटणार नाही. वाटावं असा माझा आग्रहही नाही. पण सासऱ्यांच्या शिलाई मशीनने माझ्या साडूला भर दुकानात उभ्याउभ्या शिवून काढलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"या डोळ्यांना सुईत दोरा ओवता येत नाही," कोपऱ्यात काज करत बसलेली बायको म्हणाली.

तिच्याकडे लक्ष देऊ नका. गिऱ्हाईक समोर बसलं की तिच्या जिभेला धार येते. आज पोस्टमन बसला होता, पँट आखूड करून घ्यायला, आणि पँट माझ्या हातात असल्यामुळे त्याला उठून जाण्याची सोय नव्हती.

तर सासऱ्यांना मुली दोन, जावई दोन, दोघेही शिंपी, आणि कोपऱ्यावरचं दुकान एक. साडू आणि मी एकमेकांना पाण्यात पाहायचो. तो शिंकला तरी मला वाटायचं, माझ्यावरच शिंकला. सासऱ्यांची नजर गेली, मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहिली आणि जुनं तेल आत वाळून चाक जाम झालं. म्हातारा मोठा खडूस. आम्हा दोघांना समोर उभं करून म्हणाला, "ज्याच्या तेलाने ही फिरेल, त्याने या खुर्चीत बसायचं. दुसऱ्याने पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही. बायकापोरांसकट."

साडू बाटली घेऊन हजर. आत पिवळंधमक, घट्ट तेल.

"काय तळून आलास?" मी विचारलं.

"तुम्ही हातशिलाई करा हो. पायाला काम दिलं की धाप लागते तुम्हाला."

"माझ्या धापेचं सोड. हे खायचं तेल आहे. हवा लागली की त्याची खळ होते. मशीन चालवायचीय की चिकटवायचीय?"

"घट्ट तेल टिकतं. पातळ तेल आणि पातळ डोकं, दोन्ही कामाची नाहीत."

सासऱ्यांनी त्यातला थेंब बोटांवर चोळला, हुंगला आणि बोटं धोतराला पुसली. दिसत नसलं तरी म्हाताऱ्याचं नाक शाबूत होतं. साडूने बाटली अर्धी रिकामी केली आणि पायडलवर दोन्ही पाय देऊन उभाच राहिला. मानेच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या. चाक ढिम्म.

"उतर आता," मी म्हटलं. "पायडल आहे ते, शिडी नाही."

मग मी आधी रॉकेलने आतली सगळी घाण धुऊन काढली. कोरडं पुसलं. माझं तेल म्हणजे नुसतं पाणी दिसावं असं पांढरं, पातळ, बिनवासाचं. पांढऱ्या चिंधीवर टाकलं तर डागसुद्धा पडू नये. तेलाच्या भोकाभोकांत एकेक थेंब सोडला, चाक हाताने हळूच मागेपुढे केलं आणि पायडलला अंगठा लावला. फक्त अंगठा!

मशीन जी सुटली! मी पाय काढून घेतला तरी थांबेना. साडू "हे कसं शक्य आहे" म्हणत वाकला, तर त्याची बाही सुईखाली. बाही कॉलरला शिवली, कॉलर गळ्यातल्या टेपला, टेप दुकानाच्या पडद्याला. तो घाबरून रस्त्यावर पळाला तर मागून पडदा, पडद्यामागून दोरा, आणि इकडे मशीन दोरा सोडतेच आहे. चौकापर्यंत गेला, आणि शिलाई कशी, एक टाका वाकडा नाही. सासरे खुर्चीतून उठले, खुर्ची चाचपून माझ्याकडे ढकलली आणि म्हणाले, "बस, जावईबापू."

पोस्टमन तोंडाचा आ करून ऐकत होता. "म्हणजे ते कोपऱ्यावरचं दुकान तुमचं?"

"मग काय त्याचं?"

बायकोने दोरा दाताने तोडला.

"तुमचं आहे तर त्याच्यासमोरून जाताना तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडून का जाता?"

"ऊन असतं त्या बाजूला."

"ऊन! अहो, माझ्या कढईतलं उरलेलं तेल बाटलीत भरून नेलंत ते तुम्ही. घट्ट तेल टिकतं म्हणणारे तुम्ही. पायडलवर माकडासारखे उभे राहिलात तेही तुम्हीच. बाबांच्या खुर्चीत माझ्या बहिणीचा नवरा बसलाय, आणि तुम्ही इथे जिन्याखाली बसून गोष्टींत लोकांना शिवताय. खोटं सांगायचं तर सांगा, पण तुमच्या त्या तेलापायी माझ्या बापाच्या दुकानाची पायरी मला बंद झाली, ते का नाही सांगत यांना?"